फोन कुणाचा चांगला?

सासूबाईंना आमचे सारे घर ‘अव्वा’ म्हणते, म्हणून मीही अव्वाच म्हणते. माझे माहेर उमरग्याचे, सासर मुडबीचे. त्यामुळे आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच पंगतीला जेवायला बसतात. अव्वा माझ्याशी मराठीत बोलतात आणि देवाशी व गाईशी कानडीत. मुलांच्या शाळेसाठी आम्ही बसवकल्याणला राहतो. अव्वा मात्र मुडबीचे घर सोडायला तयार नाहीत. ‘उंबरा ओस ठेवू नये’ एवढेच त्यांचे उत्तर.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री वीज गेलेली. अव्वांना साखरेचा त्रास आहे. त्या रात्री त्यांना घाम सुटला, हातपाय कापू लागले. उशाशी स्मार्टफोन होता. नंबर लावायचा त्यांना सराव नाही. नातवाच्या फोटोवर बोट ठेवले की व्हिडिओवर नातू दिसतो, इतके त्यांना शिकवलेले. त्यांनी बोट ठेवले. ॲप उघडले आणि लगेच मिटले. पुन्हा बोट ठेवले, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदाही तेच. मग अव्वांनी फोन बाजूला ठेवला आणि पितळेचा तांब्या भिंतीवर आपटायला सुरुवात केली. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी धावत आली. तिने साखरपाणी पाजले आणि आपल्या फोनवरून आम्हाला कळवले.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा अव्वा चुलीपाशी बसून चहा पीत होत्या. आमचे चेहरे बघून त्याच म्हणाल्या, “फोनला काही बोलू नका. त्यालाबी वय झालं असंल.”

आम्ही हसलो, पण मनातून हादरलो होतो. रोज नातवंडांचे हसणे दाखवणारे ॲप नेमक्या गरजेच्या वेळी मिटते, तर त्या फोनचा उपयोग काय?

पुढच्या रविवारी घरातली सगळी मंडळी मुडबीत जमली. पुण्याहून थोरले भाऊजी आले, कलबुर्गीहून नणंदबाई, म्हणजे आमच्या अक्का आल्या. विषय एकच, अव्वांना कोणता फोन घ्यायचा? भाऊजींच्या खिशात आयफोन. ते म्हणाले, “पैसे जातील, पण आयफोनमध्ये ॲप बंद पडत नाही.” अक्कांच्या हातात अँड्रॉइड. त्या म्हणाल्या, “त्या पैशांत तीन फोन येतात. एक बंद पडला तर दुसरा काढायचा!” वाद चांगलाच रंगला. शेवटी अव्वांनी विचारले, “याव चलो?” आपल्याकडच्या कानडीत ‘चलो’ म्हणजे चांगले. कोणता चांगला, एवढेच त्या विचारत होत्या. पुण्यात वाढलेल्या नातवाला वाटले, आजी हिंदीत निघायला सांगते आहे. तो चपला घालून दारात उभा राहिला!

प्रश्न मात्र अव्वांनी नेमका विचारला होता. अक्कांचा मुलगा बेंगळुरूला ॲप तपासण्याचेच काम करतो. तो मला कानडी रीतीने ‘अत्ती’ म्हणतो, मराठीत मी त्याची मामी. त्याच्याकडून समजून घेतले, आणि मग मीही वाचत गेले. जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवते. कारण घरोघरी हाच वाद आहे.

आकडे काय सांगतात?

पहिली गोष्ट ही की हा वाद नवा नाही. आयफोन २००७ साली आला आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली. तेव्हापासून दोन्हीकडची मंडळी ‘आमचेच मजबूत’ म्हणत आली आहेत. ॲप किती वेळा बंद पडते याची मोजदाद करणाऱ्या कंपन्याही पुढे निघाल्या. त्यांपैकी क्रिटरसिझम या अमेरिकी कंपनीने २०१४ साली काही आकडे जाहीर केले. ते पाहून आमच्या भाऊजींना धक्काच बसला. आयफोनच्या तेव्हाच्या ताज्या ७.१ आवृत्तीवर ॲप बंद पडण्याचे प्रमाण होते १.६ टक्के. अँड्रॉइडच्या तेव्हाच्या नव्या आवृत्त्यांवर ते होते ०.७ टक्के. म्हणजे हजार वेळा ॲप उघडले तर एकीकडे सोळा वेळा मिटणार आणि दुसरीकडे सात वेळा.

अक्का लगेच म्हणाल्या, “बघा, मी सांगत नव्हते?” पण भाचा म्हणाला, “आई, थांब. खाली अजून दोन ओळी आहेत.”

खरी गोम त्या दोन ओळींत होती. आयफोनच्या जुन्या सहाव्या आवृत्तीवर हेच प्रमाण २.५ टक्के होते. अँड्रॉइडच्या जुन्या २.३ आवृत्तीवर ते १.७ टक्के होते. आता वजाबाकी करून पाहा. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातला फरक ०.९. जुन्या आणि नव्या आयफोनमधला फरकही ०.९. जुन्या आणि नव्या अँड्रॉइडमधला फरक १.०. म्हणजे कंपनी बदलून जेवढा फायदा झाला असता, तेवढाच घरातल्या फोनची आवृत्ती बदलूनही झाला असता! हे आकडे दहा वर्षांहून जुने आहेत. त्यांवरून आजचा फोन निवडू नये. पण त्यांतून मिळणारा धडा शिळा झालेला नाही.

दुसरी गोष्ट, आज ॲप बनवणाऱ्यांवर दुकानदाराची नजर असते. अँड्रॉइडची ॲप जिथून उतरवून घेतात त्या प्ले स्टोअरवर गूगलने मर्यादाच आखून दिली आहे. दिवसभरात ॲप वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून अधिक लोकांच्या डोळ्यांदेखत ते बंद पडत असेल, तर ते ॲप वाईट गणले जाते आणि दुकानात मागे ढकलले जाऊ शकते. ॲप अडकून राहण्याची मर्यादा तर ०.४७ टक्के आहे. बोट लावल्यावर पाच सेकंदांत ॲप हलले नाही, तर ते ‘अडकले’ असे फोन समजतो. ॲपलही आपल्या दुकानात येणारे प्रत्येक ॲप आधी तपासून घेते. थोडक्यात, दोन्ही दुकानांत चाळण आहे. पण चाळणीतूनही खडा येतोच.

एका जोडाक्षराची गोष्ट

आता जी गोष्ट सांगते ती आपल्यासारख्या दोन लिप्यांच्या घरांनी मुद्दाम ऐकावी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये जगभरच्या आयफोनवर एक विचित्र दुखणे आले. कुणी संदेशात तेलुगूतले एक विशिष्ट अक्षर पाठवले की ते दाखवू पाहणारे ॲपच बंद पडे. ते अक्षर होते ‘ज्ञा’! तुमच्या आमच्या ज्ञानेश्वरांचे ‘ज्ञा’. आमच्या घरात यावरून नेहमी गंमत चालते. मी ‘द्न्यान’ म्हणते, अव्वा ‘ग्न्यान’ म्हणतात. उच्चार वेगळे, पण अक्षर एकच. कानडीतही तेच, तेलुगूतही तेच.

हे असे का झाले? आपण ‘ज्ञा’ एका दमात लिहितो. फोनच्या पोटात मात्र ते तुकड्यांनी साठवलेले असते. आधी ज, मग पाय मोडणारे हलन्त चिन्ह, मग ञ, मग काना. हे तुकडे जुळवून एक देखणे अक्षर रेखाटण्याचे काम फोनमधली यंत्रणा करते. तेलुगूच्या त्या अक्षरात डोळ्यांना न दिसणारे आणखी एक चिन्ह मध्ये आले होते. त्यामुळे यंत्रणेचा हिशोब चुकला आणि ॲप कोसळले. मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकर या अभियंत्याने तेव्हा याची बारकाईने उकल करून दाखवली. हा दोष एकट्या तेलुगूपुरता नव्हता. बंगालीतली काही जोडाक्षरे, आणि आपल्या देवनागरीतली ‘र’ची जोडाक्षरेसुद्धा, तसेच अदृश्य चिन्ह मध्ये आले तर त्याच खड्ड्यात पडत होती. ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ११.२.६ ही आवृत्ती देऊन दोष दूर केला.

त्याआधी मे २०१५ मध्येही असेच झाले होते. अरबी, देवनागरी आणि चिनी चिन्हे एकत्र असलेली एक ओळ संदेशातून आली की आयफोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्यातले देवनागरी चिन्ह कोणते, तर ‘ॡ’ची मात्रा. ती आपण वर्णमाला संपल्यावर आयुष्यात पुन्हा लिहीत नाही! जूनअखेर आलेल्या ८.४ आवृत्तीत तेही दुरुस्त झाले.

हे ऐकून अक्कांनी पुन्हा भाऊजींकडे पाहिले. पण अँड्रॉइडच्या अंगणातही असेच खड्डे आहेत. २०२० साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका तळ्याचा सुंदर फोटो लोकांनी फोनच्या पडद्यावर लावला. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीवर चालणारे कितीतरी फोन त्यामुळे बंद-चालू, बंद-चालू असे करत राहिले. त्या फोटोतल्या रंगांची मोजणी करताना फोनचा हिशोब २५५ या शेवटच्या आकड्यापलीकडे जात होता, एवढेच कारण. पुढे २२ मार्च २०२१ रोजी तर जगभर अँड्रॉइडवरची जीमेलसारखी ॲप धडाधड मिटू लागली. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा ‘वेबव्ह्यू’ नावाचा एक भाग असतो. त्याच्या एका अपडेटमध्येच खोट होती. दुसऱ्या दिवशी नवे अपडेट आले आणि ॲप सुरळीत झाली.

मग निष्कर्ष काय? महाग फोन अक्षराला अडखळला, तर स्वस्तातला फोटोला. दोघांच्याही दुखण्याला औषध एकच होते, अपडेट. ज्यांनी ते घेतले त्यांचे फोन बरे झाले. ज्यांनी ‘नंतर’ म्हणून ढकलले त्यांचे तसेच राहिले.

आपला फोन तपासला कुणी?

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. तो म्हणाला, “अत्ती, आयफोनची मॉडेल मोजकी असतात आणि बनवणारी कंपनी एकच. अँड्रॉइडचे तसे नाही.” २०१५ साली ओपनसिग्नल या कंपनीने अँड्रॉइडवर चालणाऱ्या निरनिराळ्या उपकरणांची गणती केली, तेव्हा ती भरली २४,०९३! ॲप तपासणारा माणूस त्यांतल्या किती फोनवर ॲप चालवून पाहणार? एक शिंपी चार मापांचे सदरे शिवतो आणि दुसऱ्याला चोवीस हजार मापांचे शिवायचे आहेत. दुसऱ्याचा एखादा सदरा काखेत उसवणारच. म्हणून फार अनोळखी कंपनीचा, फार स्वस्त फोन घेतला की ॲप रुसण्याची शक्यता वाढते. दोष अँड्रॉइडचा नसतो, त्या मापाचा सदरा कुणी घालूनच पाहिलेला नसतो.

भाषेचेही तसेच. अँड्रॉइडच्या मूळ अक्षरसंचात कानडी आली ती २०१२ च्या ४.१ आवृत्तीत. तोवर कितीतरी फोनवर कानडी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. आपली लिपी तपासणाऱ्याच्या टेबलावर उशिरा पोचते, हे आपण सीमेवरच्या लोकांनी ध्यानात ठेवावे. इथे एकाच फोनमध्ये अव्वांची कानडी, नातवाची मराठी आणि दुकानदाराची इंग्रजी एकत्र नांदते.

आणि ॲप ही आता केवळ गमतीची गोष्ट राहिलेली नाही. कर्नाटकात २०२० च्या खरिपापासून शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर स्वतः करता येऊ लागली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. माझे यजमान मुडबीच्या शेतात उभे राहून एक ॲप उघडतात, तर माझा भाऊ उमरग्याच्या शेतात दुसरे. बांधावर उभे असताना ॲप मिटले तर हातातल्या फोनचे नाव काय, याला काडीची किंमत नसते. नोंदीची मुदत निघून जाते, हेच खरे नुकसान.

अव्वांच्या फोनचे निदान

मग भाच्याने अव्वांचा फोन हातात घेतला. तो म्हणाला, ॲपची दुखणी तीन प्रकारची. एक, ॲप स्वतःच्या चुकीने कोसळते. दोन, ते अडकून बसते. तीन, फोनजवळची जागा किंवा ताकद संपते म्हणून ते उभेच राहू शकत नाही किंवा फोनच त्याला मिटवतो. हे तिसरे दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये होते.

अव्वांचे दुखणे तिसरे निघाले. फोनची जागा काठोकाठ भरलेली होती. कशाने? आम्हीच पाठवलेल्या सुप्रभाताच्या चित्रांनी, देवाच्या व्हिडिओंनी आणि नातवंडांच्या नाचांनी! भर म्हणून ते ॲप दीड वर्षात एकदाही अपडेट झालेले नव्हते. नवे अपडेट यायलाही जागा हवी ना? खोली सामानाने भरली होती आणि आम्ही पाहुण्याला नावे ठेवत होतो.

मी मान खाली घातली. दर रविवारी मी मुडबीला जाते. अव्वांच्या गोळ्या मोजते, पिठाचा डबा बघते, गाईची वैरण बघते. फोन मात्र एकदाही उघडून पाहिला नव्हता. तो दिला म्हणजे काम झाले, असे आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

शेवटी काय घेतले?

शेवटी अँड्रॉइडच घेतला, मधल्या किमतीचा. पण अक्का जिंकल्या म्हणून नव्हे. त्या रात्री धावत आलेल्या शेजारच्या मुलीकडे अँड्रॉइड आहे, म्हणून. अव्वांचे काही अडले तर पुण्याचे भाऊजी की कलबुर्गीच्या अक्का पोचणार? पोचणार ती शेजारची पोर. तिच्या बोटांना ओळखीचा असलेला फोन अव्वांसाठी चांगला. पुण्यात भाऊजींच्या घरी सगळ्यांकडेच आयफोन आहेत. अव्वा तिथे राहत असत्या तर आम्ही बिनदिक्कत आयफोन घेतला असता.

भाऊजींचा मुद्दाही वाया गेला नाही. त्यांचे म्हणणे होते की आयफोनला अपडेट पुष्कळ वर्षे मिळत राहते. ते खरेच आहे. म्हणून बसवकल्याणच्या दुकानात त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “याला अपडेट किती वर्षं मिळणार?” दुकानदार क्षणभर बघतच राहिला. कॅमेरा विचारणारे रोज येतात, हे विचारणारा बहुधा पहिलाच आला असावा. पण हा प्रश्न विचारायलाच हवा. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या किमतीच्या काही फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनना ते पुष्कळ कमी मिळते. दुकानात उत्तर मिळाले नाही तर कंपनीकडून खात्री करून घ्यावी.

आणि आणखी एक गोष्ट केली. अव्वांचा जुना बटणांचा फोन फडताळातून काढला, त्यात सिम घातले आणि दोन नंबरच्या बटणावर आमचा नंबर बसवला. बटण दाबून धरले की फोन लागतो. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, जोडाक्षरही लागत नाही. तो आता उशाशी असतो. शेजारच्या मुलीचा नंबर तीनवर आहे. अगदी गरज पडली तर ११२ लावायचे, हेही अव्वांनी पाठ केले आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी अव्वा, कुणी आजी, कुणी अप्पा असतील. येत्या रविवारी त्यांचा फोन हातात घ्या. जागा किती उरली आहे ते बघा आणि जुने व्हिडिओ काढून टाका. ॲप अपडेट करा. मग त्यांच्याच हातून, त्यांच्याच भाषेत, एक फोन लावून बघा. तो लागेपर्यंत शेजारी बसा. दहा मिनिटांचे काम आहे. आयफोन असो वा अँड्रॉइड, ही दहा मिनिटे कोणतीही कंपनी आपल्यासाठी काढणार नाही.

परवा अव्वांनी नव्या फोनवरून व्हिडिओ लावला. ॲप उघडले आणि नातू दिसला. त्याने मोठ्या ऐटीत कानडीत विचारले, “अज्जी, फोन चलो अदा?” अव्वा हसून मराठीत म्हणाल्या, “फोन बरा हाय बाबा. तू कवा येणार?”

त्या प्रश्नाचे ॲप अजून निघायचे आहे.